हात गुडघ्यांवर

मुरलीपुरा, जयपूर
शुक्रवार, २ ऑगस्ट २०२४

ताई,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर बघून तुला आधी वाटेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. गजू बरा आहे, मी बरा आहे, मागच्या खोलीचं छत गळतंय ते दर वर्षी गळतं. भाऊजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं तुझ्या मितालीच्या स्टेटसवर पाहिलं. त्यांना सांग, महिनाभर तरी वाकून काही उचलू नका. न विचारता सल्ला देतोय, पण आईच्या वेळचं लक्षात आहे म्हणून.

फोन केला असता. पण फोनवर आपण तिसऱ्या मिनिटाला आईच्या शेवटच्या महिन्यावर येतो, तिथून नाशिकच्या त्या संस्थेवर, आणि मग दोघांपैकी एक जण ठेवून देतो. पत्रात तसं ठेवून देता येत नाही. शिवाय कामच कागदाचं आहे. सोबत एक शपथपत्र आहे, त्यावर मला तुझी सही हवी आहे.

गजूसारख्या माणसाला घरातलं जे कोणी सांभाळतं, त्याला दरमहा भत्ता मिळण्याची एक योजना आहे. गजूला नव्हे, सांभाळणाऱ्याला, त्याच्या नावावर. बाबांचं पेन्शन आईनंतर गजूकडे आलं हे तुला ठाऊक आहे. घर त्यावर चालतं. म्हणजे मी चहात घालतो ती साखरही गजूची. आई पडली तेव्हा मी कॉलेजची नोकरी सोडली त्याला आता सहा वर्षं झाली, ती गेली त्याला दोन. मी सत्तेचाळीसचा आहे. एक्केचाळीस वर्षांच्या मतिमंद भावाच्या पेन्शनवर जगणारा माणूस, असं कोणी म्हटलं तर मला उत्तर देता येत नाही, कारण वाक्य बरोबर आहे. कोणी म्हणत नाही. मीच म्हणतो. तर तो भत्ता मला हवा आहे. हे एकदा सरळ लिहून टाकतो, नाहीतर मी सगळं गजूसाठीच करतोय असा तुझा समज होईल.

अकरा जूनला पहिली तपासणी झाली. दहाला बोलावलं, नंबर दीडला लागला. टेबलापलीकडे तिघं होते: एक साहेब, एक डॉक्टरबाई आणि लिहायला कारकून. कारकुनानं आधी मलाच घेतलं.

"आप क्या करते हैं?"

"भाई को संभालता हूँ."

"वो तो ठीक है जी. काम क्या करते हैं?"

"यही."

"मतलब खाली हैं." आणि व्यवसायाच्या रकान्यात त्यानं ते लिहूनही टाकलं. मग म्हणाला, "घर में कोई लुगाई नहीं? तो रोटी कौन बनाता है?"

मी म्हटलं, मीच. तेव्हा तिघांनी माझ्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जणू तपासणी माझीच चालली असावी.

यापुढचं माझ्या शहाणपणाचं फळ आहे. फॉर्ममध्ये 'देखभालीचा पुरावा' असा एक रकाना आहे. बाकीचे लोक तिथे वॉर्डाच्या पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, पत्र लावतात. मी माझ्या वह्या नेल्या. सहा वर्षांच्या, पिशवीत भरून. बाबांनी आपल्याला रोज एक पान मराठी लिहायला लावलं होतं, परमुलुखात भाषा सुटू नये म्हणून. तुझी सवय लग्नानंतर गेली, माझी राहिली. आणि बाबांचा दुसरा नियमही राहिला: वहीत रडगाणं लिहायचं नाही. रेल्वे गार्डच्या वहीत गाडी सुटल्याची वेळ असते, गार्डचे पाय दुखल्याचं नसतं, असं ते म्हणायचे. मी सहा वर्षं तशीच वही लिहिली. पार पडलेलं काम तेवढं.

साहेबांनी मधलीच एक वही उघडली. मराठी त्यांना येत नाही, पण अक्षरं तीच आणि मी लिहितो सोपं. ते बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. 'आज गजूने चार बटणे लावली. पाचवे मी.' 'आज गजू एकटा बूथवर जाऊन दूध घेऊन आला.' 'आज स्वतः जेवला. सांडले नाही.' मध्ये मध्ये अडखळायचे, पण कळत होतं त्यांना.

"अरे वाह," साहेब म्हणाले, "ये तो बढ़िया चल रहा है! फिर इसको चौबीस घंटे का आदमी किसलिए चाहिए?"

मी सांगायला लागलो. त्या चार बटणांना पाऊण तास लागला होता. दूध आणताना मी वीस पावलं मागे, भिंतीच्या आडोशाला होतो. न सांडता जेवण्याच्या आधी दोन वर्षं सांडून झालं होतं. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "लेकिन ये सब आपने लिखा नहीं है." चांगल्या होत्या त्या. आणि बरोबर होत्या. नव्हतंच लिहिलेलं.

तेवढ्यात आपला गजू उठला. साहेबांपुढे उजवा हात करून, एकेक शब्द सुटा सुटा म्हणाला, "गजानन. मुरलीधर. भिरूड. मुरलीपुरा. जयपूर." आणि वर पिन कोड. हरवला तर निदान एवढं सांगता यावं म्हणून दीड वर्ष त्याच्याकडून घोकून घेतलं होतं मी. कारकुनानं टाळ्या वाजवल्या. गजूनंही वाजवल्या. मी वाजवल्या की नाही ते आठवत नाही; पण मला अभिमान वाटला, हे आठवतं. त्याच क्षणी समजलं होतं की आपण बुडालो.

कारण तिथे गुण मिळतात ते जे येत नाही त्याचे. जेवण, कपडे, आंघोळ, शौच, बोलणं, एकट्यानं बाहेर जाणं. साठ लागतात. आपल्याला बेचाळीस मिळाले.

रिक्षात गजूनं विचारलं, "पास?"

मी म्हटलं, "पास."

शेजारचे द्वारकाजी तुला आठवत असतील, सरकारी फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे त्यांचं. त्यांना सांगितलं तर कपाळावर हात मारला त्यांनी. "भाईसाब, आप भी कमाल हो. इम्तिहान फेल होने का था, और आप लड़के को कोचिंग देकर ले गए!" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. मग त्यांनीच फेरतपासणीचा अर्ज भरून दिला. तारीख मिळाली आहे, अठ्ठावीस ऑगस्ट. या वेळी वह्या घरी ठेवायच्या, आणि जवळच्या नातेवाइकाचं शपथपत्र लावायचं.

त्याचा मजकूर द्वारकाजींचा आहे. दोनच वाक्यं आहेत. पहिलं: गजानन यांना जेवणे, कपडे घालणे, पाणी पिणे, बोलणे यांपैकी काहीही स्वतः करता येत नाही. दुसरं: त्यांची सर्व देखभाल त्यांचे बंधू संग्राम एकटे करतात. दुसरं पूर्ण खरं आहे. पहिलं नाही. पण दोन्ही एकाच कागदावर आहेत आणि सही एकच करायची आहे. मी मजकूर बदलायला दोनदा बसलो आणि दोनदा तसाच ठेवला.

तू न वाचता सही केलीस तरी चालेल, असं लिहिणार होतो. नाही. वाच.

वीस तारखेच्या आत मिळालं तर बरं.

तुझा,
संग्राम


जयपूर
गुरुवार, १९ सप्टेंबर २०२४

ताई,

तुझी सही वेळेवर मिळाली होती. पोच द्यायला महिना लावला, याबद्दल रागावू नकोस.

काम झालं. भत्ता मंजूर. या वेळी अठ्ठ्याहत्तर गुण पडले. मंडळ तेच होतं, तेच तिघं. कारकुनानं मला ओळखलं, म्हणाला, "आज किताबें नहीं लाए, भिरूडजी?" त्याशिवाय विशेष काही घडलं नाही. थोडी तयारी करून गेलो होतो. गजू शांत बसला होता. पंधरा मिनिटांत बाहेर आलो. मंजुरीच्या कागदावर माझं पूर्ण नाव आहे आणि व्यवसायाच्या रकान्यात या खेपेला 'देखभाल' असं लिहिलंय. मी तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला आहे. रोज नाही, पण दोनतीनदा काढून पाहिला.

शपथपत्राबरोबर तू चिठ्ठी पाठवलीस, 'सही केली आहे. पण तू एवढा सत्यवादी, तुझ्याच्यानं हे होणार आहे का?' झालं. एवढंच उत्तर देतो.

आणि गजूचा बटणं लावतानाचा आणखी एक व्हिडिओ मागितला होतास, मितालीला दाखवायला. मोबाइलचा कॅमेरा बिघडला आहे. दुरुस्त झाला की पाठवीन.

इथे ऊन अजून उतरलेलं नाही. कूलर दिवसभर चालू आहे. गजूचं जेवण ठीक.

भाऊजींना नमस्कार.

संग्राम


जयपूर
रविवार, १० नोव्हेंबर २०२४, दुपार

ताई,

भाऊबीजेला तुझा फोन आला, तेव्हा गजूला आंघोळ घालतोय असं सांगून मी ठेवला. आंघोळ कधीच झाली होती. तो माझ्यासमोर खुर्चीत बसलेला होता. मोबाइलचा कॅमेराही बिघडलेला नाही.

मागच्या पत्रात 'थोडी तयारी' असे दोन शब्द आहेत. ते वीस दिवस आहेत. आज गजू झोपलाय तोवर ते लिहून काढतो. मध्ये थांबलो तर पुन्हा बसणार नाही, तेव्हा अक्षर लागलं नाही तर समजून घे.

आठ ऑगस्टला सुरुवात केली. पद्धत नवी शोधावी लागली नाही. बटणं शिकवताना होती तीच, उलटी फिरवली. तेव्हा एका बटणाला बिस्किटाचा एक तुकडा असायचा. आता शर्ट समोर ठेवायचा, त्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायचं, शर्टाला हात लावायचा नाही, मग तुकडा. पाण्याचा ग्लास समोर, हात गुडघ्यांवर, मग तुकडा. 'नाम क्या है?' विचारायचं, त्यानं ओठ मिटायचे, मग तुकडा.

पहिल्या दिवशी त्याला तो खेळ वाटला. तो शर्ट उचलायचा, मी काढून घ्यायचो, तो परत ओढायचा आणि हसायचा. दुसऱ्या दिवशी तो हसला नाही. माझ्या हाताला धरून मला समजावायला लागला, "येतं. येतं, दादा." मला वाटतं, त्याला येतं हे मी विसरून गेलोय असं त्याला वाटलं असावं. म्हणून तो मला धीर देत होता. पाचव्या दिवशी त्यानं बिस्किटाचा तुकडा माझ्या तळहातावर परत ठेवला आणि शर्ट ओढून पहिलं बटण लावलं. मग माझ्याकडे पाहिलं.

त्याच क्षणी मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. मी ते बटण काढलं.

नवव्या दिवशी मी त्याच्या बोटांवर मारलं. लाकडी फूटपट्टीनं, उजव्या हाताच्या, कारण डावा तसाही नीट चालत नाही. हे 'कारण' आत्ता लिहिताना लक्षात आलं, की रागाच्या भरात हात उठला असं मी स्वतःला सांगत होतो ते खरं नाही. कोणता हात, हे ठरवून मारलं. त्या दिवशी दोनदा, आणि दहाव्या दिवशी एकदा. अकराव्या दिवशी गरज पडली नाही.

आईनं त्याला कधी चापट मारली नाही. बाबा आपल्या दोघांना बडवायचे, त्याला कधीच नाही. तू तर त्याच्या वाट्याचा मार खायचीस. एक्केचाळीस वर्षांत त्याला मारणारा पहिला माणूस मी. तो रडला नाही. त्यानं बोटं तोंडात घातली आणि मग हात गुडघ्यांवर ठेवले.

अठ्ठावीस तारखेला मंडळासमोर डॉक्टरबाईंनी त्याच्यापुढे शर्ट ठेवला. त्याचे हात गुडघ्यांवर. नाव विचारलं, ओठ मिटलेले. साहेब म्हणाले, "पिछली बार तो पूरा पता बोला था." मी म्हटलं, "बीच में तबीयत बिगड़ी, सर." हे खोटं मी आधीपासून जुळवून नेलं होतं. मग बाईंनी पाण्याचा ग्लास ठेवला. खोलीतला पंखा बंद होता, आम्ही दोन तास बाहेर बसून आलो होतो, त्याचे ओठ सुकले होते. त्यानं ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात हलवले नाहीत. मी उठून ग्लास त्याच्या तोंडाला लावला. गटागटा सगळं पाणी प्याला. तिघं बघत होते. कारकून लिहीत होता.

मग तो मोठ्यानं बोलला. चांगलं स्पष्ट. "दादा, नाही केलं. काहीच नाही केलं."

आणि तळहात पुढे केला, बिस्किटासाठी.

"क्या कह रहा है?" साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, "और पानी माँग रहा है."

डॉक्टरबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मराठी न येणाऱ्याला ते वाक्य कळणार नाही असं थोडंच आहे? त्यांना कळलं असावं असं मला अजूनही वाटतं. मग त्यांनी सही केली. ही दया होती की कंटाळा, की टेबलावर त्या दिवशी तीस फाइली होत्या, ते मी ठरवू शकत नाही. पण त्यांनी तेव्हा मला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, अशी एक समजूत मी करून घेतली आहे. तीही तपासून पाहिली. नसतं सांगितलं.

वहीत त्या वीस दिवसांची पानं कोरी आहेत. रडगाणं लिहायचं नाही म्हणून नव्हे. पार पडलेलं काम लिहायचं, आणि काम तर रोज पार पडत होतं. मला ते कोणत्या शब्दांत लिहावं ते सुचलं नाही.

मला वाटलं होतं, तो एक दिवस निघून गेला की झालं. त्याच संध्याकाळी मी त्याला निळा शर्ट दिला आणि म्हटलं, "घाल रे गजू, संपलं ते." त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले. मी हसून म्हटलं, "आता खेळ नाही, लाव." त्यानं ओठही मिटले. त्याला वाटलं, ही आणखी अवघड परीक्षा आहे. दादा 'लाव' म्हणतोय आणि आपण लावायचं नाही.

तेव्हापासून अडीच महिने असंच चाललंय. बिस्कीट देऊन पाहिलं. न देता पाहिलं. मी स्वतः त्याच्यासमोर चुकीची बटणं लावून पाहिली, पूर्वी त्याला ते बघवायचं नाही, धावून यायचा नीट करायला. आता बघत राहतो. समोरचा ग्लास उचलत नाही, बोलत नाही, तहान लागली की माझ्याकडे बघतो. पाटावर बसवलं की घास भरवावा लागतो. बूथपर्यंत जात नाही, दारातून पाऊल टाकलं की थांबतो. परवा बूथवाला म्हणाला, "छोटे भैया को कहीं भेज दिया क्या?" मी काहीतरी सांगितलं.

द्वारकाजींना वाटतं मी उगाच उदास आहे. त्यांनी त्याला खुर्चीत बसलेला पाहिला, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "देखो भाईसाब, अब तो अगले साल की भी टेंशन नहीं. हर साल अपने-आप हो जाएगा." त्यांच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. दर ऑगस्टला फेरतपासणी असते, त्याचा ते हिशेब करत होते. मीही केला आहे. त्याला पुन्हा शिकवलं, तर भत्ता जातो. नाही शिकवलं, तर भत्ता राहतो आणि मी खरोखरच चोवीस तासांचा माणूस होतो. मंडळानं कागदावर लिहिलं तो.

तुझ्या सहीची काळजी तुला वाटत असेल तर सांगतो. शपथपत्रातलं पहिलं वाक्य तू सही केलीस तेव्हा खोटं होतं. आता त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. तुझ्यावर काही येणार नाही.

पहिला हप्ता ऑक्टोबरात आला. त्यातून मी स्वतःसाठी चष्मा केला. चार वर्षं टाळलं होतं. दुकानातून बाहेर पडलो तेव्हा समोरच्या पाट्या लख्ख दिसत होत्या आणि मला आनंद झाला. खूप आनंद झाला, ताई. तो वगळून बाकीचं लिहिलं असतं तर हे पत्रही त्या वह्यांसारखंच झालं असतं.

आणि नाशिकचं. आई गेल्यावर तू त्या संस्थेत गजूसाठी जागा बघून ठेवली होतीस. मी फोनवर म्हणालो होतो, तिथे माणसांना ओळीनं बसवून गप्प राहायला शिकवतात, तुला भाऊ नको आहे, फर्निचर हवं आहे. तू दोन वर्षं त्याचं उत्तर दिलं नाहीस. मी ती संस्था पाहिलेलीही नाही. मी तुझी माफी मागतो. मला आता तुझी गरज आहे म्हणून मागतोय का, याचा विचार केला. तसंही असेल. तरी मागतो.

गरज अशी आहे. तू ये. दोन दिवसांसाठी ये, एका दिवसासाठी ये, पण एकटी ये. गजू माझ्यासमोर आता काही करणार नाही. मी दिसलो की त्याचे हात गुडघ्यांवर जातात. पण तू त्याला कधी अडवलेलं नाहीस. तुझ्यासमोर करायचं नसतं, हे त्याला अजून कोणी शिकवलेलं नाही.

तू पोचलीस की मी घरातून निघेन, संध्याकाळपर्यंत येणार नाही. निळा शर्ट खुंटीला आहे, मोठ्या बटणांचा. त्याला 'घाल' म्हणू नकोस, 'येतं का' असंही विचारू नकोस. आंघोळीनंतर शर्ट त्याच्या उजव्या हाताला ठेव आणि स्वयंपाकघरात निघून जा. भांड्यांचा आवाज करत राहा, त्याला घरात कोणीतरी आहे हे कळायला हवं. तो खालच्या बटणापासून सुरुवात करतो, वरून नाही. पाऊण तास लागेल. मध्ये डोकावू नकोस. फार शांत वाटलं तरी डोकावू नकोस.

त्यानं एक जरी लावलं, तरी मला फोन कर. भत्ता बंद करावा असा अर्ज मी लिहून ठेवला आहे, तारीख तेवढी घालायची आहे. तो मी खरोखर नेऊन देईन का, हे मला माहीत नाही. म्हणूनच तुला सांगून ठेवतोय, म्हणजे विचारणारं कोणी असेल.

एकही लावलं नाही, तर फोन करू नकोस. मी सहाला येईन. तोवर त्याला पाणी दे. ग्लास ओठांना लावावा लागतो, आणि जरा तिरका, नाहीतर ठसका लागतो.

शेवटी गजूकडूनही नमस्कार लिहिणार होतो. त्याच्या वतीनं काही लिहायचं आता मी थांबवतो.

संग्राम